रुखवतातले नग

आमच्या घरात त्या वस्तूंना एक असं नाव नव्हतं. आई 'शोभेचं' म्हणायची. 'ते शोभेचं जरा पुसून घे' असं ती म्हणाली की काय पुसायचं हे विचारावं लागत नसे. बाबा सगळ्यालाच 'बाहुल्याबिहुल्या' म्हणत, मग तो मण्यांचा पोपट असो, लोकरीचा ससा असो की आगपेटीच्या काड्यांचं घर असो. कुसुमताई 'शोपीस' म्हणे, कारण तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी तसं म्हणत. आणि शेजारच्या गावंडे काकू, ज्यांच्यामुळे हे सारं आमच्या गल्लीत आलं, त्या 'नग' म्हणत. मला त्यांचा शब्द आवडे. शोभेचं म्हटलं की ती वस्तू भिंतीचा नाहीतर कपाटाचा भाग होऊन जाते. नग म्हटलं की ती एकटी उभी राहते, कुणीतरी बसून ती केली आहे आणि ती मोजण्यात धरली आहे असं वाटतं. आता माझ्या भाचीची मुलगी याच वस्तूंना 'क्राफ्ट' म्हणते आणि त्यांचे फोटो मोबाइलवर टाकून त्या विकतेसुद्धा. तिला मी एकदा सांगितलं की हे मीही केलं आहे. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही मोबाइलवर पाहून शिकले का?

मी शिकलो ते पाय मोडल्यामुळे. अमरावतीत आमचं घर जुन्या भागातल्या एका अरुंद गल्लीत होतं. तीन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती आणि तिच्या पट्ट्याची फटफट दिवसभर कानात असायची. रविवारी गिरणी बंद असली की गल्ली ओळखू यायची नाही. गिरणीपलीकडे आलूबोंडे तळणारा बसायचा, संध्याकाळी त्याच्या कढईचा वास थेट आमच्या ओट्यापर्यंत येई आणि आई आतून ओरडून सांगे की घरी भाकर झाली आहे. शाळेत असताना मी चिंचेच्या झाडावरून पडलो आणि उन्हाळाभर पायाला प्लास्टर घेऊन पडून राहिलो. घरी कुणी बोलायला नसे, म्हणून आई मला उचलून गावंडे काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. काकूंचे यजमान कंपाउंडर होते आणि दिवसभर दवाखान्यात असत. काकूंच्या ओट्यावर दुपारी गल्लीतल्या लग्नाच्या वयाच्या मुली जमत आणि आपापल्या रुखवताचे नग करत बसत. मी दोन-चार दिवस भिंतीला टेकून नुसता पाहत राहिलो. मग काकूंनाच ते बघवलं नाही. त्या म्हणाल्या, "पाय मोडला हाय तुहा, हात तं नाही ना मोडले? घे हे, मनी ओव."

रुखवत म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण आजकालच्या शहरी वाचकासाठी सांगतो. लग्नात मुलीकडचे एका खोलीत लाडू, करंज्या, साखरेची खेळणी, भांडी आणि मुलीनं आपल्या हातानं केलेल्या वस्तू मांडतात. वरमायेला, म्हणजे नवऱ्याच्या आईला, तिथं मानानं आणून ते सारं दाखवतात. मग ते बांधून मुलीबरोबर सासरी जातं. लाडू आठवडाभरात संपतात. मण्यांचं तोरण मात्र सासरच्या दाराला वर्षानुवर्षं लटकत राहतं, आणि आल्यागेल्याला सांगितलं जातं की हे आमच्या सुनेच्या हातचं. आता रुखवत भाड्यानं मिळतं. माणूस सकाळी टेंपो घेऊन येतो, मांडतो, संध्याकाळी उचलून पुढच्या लग्नाला घेऊन जातो. त्यात निदान कुणी कुणाला फसवत नाही.

माझा पाय बरा झाला, पण हातातली सुई सुटली नाही. काकू म्हणत की मुली वर बघून बोलत बोलत ओवतात म्हणून त्यांचे मणी ढिले पडतात, आणि मी बोलत नाही म्हणून माझे घट्ट बसतात. खरं तर मी बोलत नव्हतो तो लाजेनं. पुढे कॉलेजात गेलो तरी सुट्टीच्या दुपारी मी घरातच आतल्या खोलीत खाटेवर डबा घेऊन बसायचो. संक्रांतीनंतर आईच्या माहेरी अकोटला गेलो की कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांपाशी पडलेला कापूस वेचून आणायचो. मामाच्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून बांधावर टाकलेली असे, तिच्यावरची बोंडांची वाळलेली टरफलं खिशात भरायचो. पाच पाकळ्यांसारखी उघडलेली ती टरफलं चंदेरी रंगात बुडवली की फुलं होत. ही गोष्ट काकूंनी शिकवलेली नव्हती, माझी मला सुचली होती, आणि तिचा मला अभिमान वाटे. मामी मात्र म्हणायची की पोरगा कचरा वेचायला आला आहे.

बाबा एका खाजगी शाळेत हेडक्लार्क होते. सहाच्या सुमारास त्यांची सायकल ओट्याला टेकल्याचा आवाज आला की माझा डबा खाटेखाली जायचा. ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खाटेवर एखादा मणी राहिला असेल तर ते तो उचलून माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवत आणि जेवायला लागत. बेसन, भाकर, वर कच्चं तेल आणि सांभार घातलेला ठेचा. (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याला लग्न करून दिलेल्या भाचीच्या घरी मी एकदा भाजीवर सांभार टाका म्हटलं, तर तिच्या सासूबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.) सगळं जेवण तो एक मणी ताटाशेजारी असायचा. जेवण झाल्यावर मी तो उचलून न्यायचो.

ताईचं लग्न अकोल्याला ठरलं. स्थळ चांगलं होतं. भाऊजी सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, वडील नव्हते, आई खमकी. ताई आमच्या घरातली हुशार. तिला सायकल येई, गणित येई, गिरणीवाल्याशी भांडून दळण आधी आणता येई. सुईत दोरा मात्र तिला कधी ओवता आला नाही. काकूंकडे तिला पाठवून पाहिलं, तर तिनं दोन दिवसांत तीन सुया मोडल्या आणि काकूंना हिशेब शिकवून परत आली. मग रुखवताचं काय? आईनं माझ्याकडे पाहिलं. मला त्यात वाईट काहीच वाटलं नाही. उलट इतके मणी, इतकी लोकर, इतका रंग एकदम हातात यायची ही पहिलीच वेळ होती. मी तोरण केलं, पोपटाची जोडी केली, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी केले, काड्यांची बंडी, म्हणजे बैलगाडी, केली आणि तिच्यात अकोटचा कापूस भरला. चंदेरी टरफलांच्या फुलांचा मोठा गुच्छ केला. मांडायच्या आदल्या दिवशी आईनं बाबांना भीतभीत विचारलं की पाटीवर काय लिहायचं. माझ्या नावाची ओळ कुठंतरी खाली यावी असं तिच्या मनात असावं. बाबा म्हणाले, "पोट्ट्यानं मनी ओवले म्हणून सांगता का जगाले? तिचं रुखवत हाय, तिचंच नाव लिहा." आणि त्यांनी आपल्या हातानं पुठ्ठ्यावर लिहिलं: चि. सौ. कां. कुसुम हिच्या हस्तकौशल्याचे नमुने. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. गल्लीतल्या सगळ्या पत्रिकांवरचे पत्ते तेच लिहीत. मी लग्नात ती पाटी दिवसभर येताजाता वाचली. मला राग आला होता, आणि तो राग नक्की कशाचा हे मला सांगता आलं नसतं. नाव लागावं असंही वाटत होतं आणि लागलं तर कॉलेजात तोंड दाखवता येणार नाही हेही माहीत होतं.

ताई दिवाळीला माहेरी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. अकोल्यात सारं ठीक होतं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, रुखवतासाठी बैठकीत काचेचं कपाट करून घेतलं होतं. शेजारणी येत, माई कपाट उघडून दाखवत आणि म्हणत, ह्या निशान्या आमच्या कुसुमच्या. आणि आता उन्हाळ्यात नणंदेचं, पुष्पाचं, लग्न दर्यापूरला ठरलं होतं. माईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की पुष्पाचं रुखवत कुसुम करेल आणि करता करता पुष्पालाही शिकवेल. ताईनं डोळे दुखतात म्हणून सांगून पाहिलं, तर डॉक्टरकडे नेऊन आणलं. अकोल्यात चांगले मणी मिळत नाहीत म्हणून सांगितलं, तर भाऊजी नागपूरहून मण्यांची पिशवी घेऊन आले. आई डोक्याला हात लावून बसली. त्या घरात ताईचा जो मान होता तो त्या कपाटाच्या काचेमागे होता, आणि ती आता सासूशी खोटं बोलणारी सून ठरणार होती. पहिल्या वर्षात असा शिक्का बसला तर आयुष्यभर निघत नाही, हे त्या दोघींना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ताई मला एकटा गाठून म्हणाली, "दिनू, तू ये रे बाप्पा उन्हाळ्यात. नाहीतर मले त्या घरात मान वर करता नाही येनार."

परीक्षा झाल्याबरोबर मी अकोल्याला गेलो. लग्नघरात कामाला हात लागतात, सुनेचा भाऊ आला तर कुणी कारण विचारत नाही. मंडपवाल्याकडे जा, किराणा आण, पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन ये, अशी कामं सकाळी मी करत असे. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला तो सांगायची गरज नाही. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसे. जेवण झालं की, म्हणजे आमरस आणि तळलेल्या कुरड्या झाल्या की, सगळं घर बैठकीत कूलरसमोर आडवं होई. कूलरच्या पंख्याचा घर्रर्र आवाज आणि वाळ्याचा ओला वास. ती वेळ आमची होती. ताई आणि पुष्पा रुखवताचं काम करायला म्हणून माडीवर जात, आणि थोड्या वेळानं मी मागच्या जिन्यानं वर जायचो. माडीवर पत्रे होते. घामानं बोटं ओली होऊन मणी निसटायचे, म्हणून मी बोटांना पावडर लावून बसे. ताई माझ्याशेजारी बसून हातपंख्यानं मला वारा घाली. ताईला जमण्यासारखं तेवढं एकच काम त्यात होतं आणि ते तिनं मनापासून केलं.

पुष्पापासून लपवायचं हे आधी ठरलं होतं, पण शिकायला येणारी तीच असल्यामुळे ते पहिल्याच दिवशी फसलं. मी वर गेलो तेव्हा ती कच्च्या कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून खात बसली होती. तिनं मला सुई हातात घेताना पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि कैरीची वाटी माझ्यापुढे सरकवली. एवढंच. पुढचे काही दिवस तिनं खरंच शिकायचा प्रयत्न केला. तिची बोटं चांगली होती पण तिला बसवत नसे. तिला भाकरी थापायला, विहिरीतून पाणी ओढायला, अंगणात उभं राहून पलीकडच्या बाईशी बोलायला आवडे. ती मधूनच एखाद्या नगाबद्दल विचारी, हा कसा केला, ह्याला किती वेळ लागला, आणि मी सांगत राही. माझ्या हातच्या कामाबद्दल मला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. एका दुपारी ती अचानक म्हणाली, "अन् तिकडे दर्यापूरले गेल्यावर मी काय करू? तिथं तं हा येनार नाही मनी ओवायले." ताई म्हणाली की सगळ्याच मुली असं करतात, कुणाच्या रुखवतात काकूचं असतं, कुणाच्या मैत्रिणीचं, वेळ आली की बघता येतं. पुष्पा म्हणाली, "तुही वेळ आली ना वहिनी. मी पाहून राहिली ना." ताईचा पंखा थांबला. मी खाली मान घालून ओवत राहिलो.

माईंचे गुडघे दुखत, त्या माडीवर कधी चढत नसत. आमचा सारा बेत त्या गुडघ्यांच्या भरवशावर होता. मांडवाच्या थोडं आधीची एक दुपार असेल, जिन्यावर पाऊल वाजलं, थांबलं, परत वाजलं. आम्ही तिघं जिथल्या तिथं राहिलो. उठायला वेळ होता, पण माझ्या मांडीवर अर्धं तोरण पसरलेलं होतं आणि ते सोडलं असतं तर सगळे मणी माडीभर झाले असते. माई दारात येऊन उभ्या राहिल्या. सून पंखा घालते आहे, मुलगी कैरी खाते आहे आणि सुनेचा भाऊ मणी ओवतो आहे, हे त्यांनी पाहिलं. मग त्या परत एकेक पायरी उतरत खाली गेल्या. ताई रडायला लागली. थोड्या वेळानं घरातली कामवाली वर आली आणि पन्ह्याचे पेले ठेवून गेली. आधी रोज ताई आणि पुष्पासाठी दोनच येत. त्या दिवशी तीन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात तोंड धूत असताना माई तिथं तुळशीला पाणी घालायला आल्या. माझ्याकडे न पाहता त्या बोलल्या, आणि त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. "कुसुमले पहिल्या महिन्यात शर्टाची गुंडी लावाले देल्ली होती म्या. तवाच मले समजलं. पन मले पुष्पीचं रुखवत पाहिजे होतं, बाप्पा. आता आइक. रुखवतावर तुह्यं नाव नाही लागनार. लागलं तं तुह्या बहिनीचं हसं होईन अन् पोरीचंही. पन कोनं केलं ते मले माहीत हाय, येवढं तुले माहीत असू दे." मी हो म्हणालो. त्या आत गेल्या. मला एकाच वेळी फार हलकं वाटलं आणि फार वाईट वाटलं. ताई सुटली होती. आणि माझ्या कामाला ओळखणारं जे माणूस मला मिळालं होतं, त्यानंच मला गप्प राहायला सांगितलं होतं.

लग्न सकाळच्या मुहूर्तावर लागलं. अमरावतीहून आई-बाबा आले होते. व्याही म्हणून बाबांना बैठकीच्या दाराबाहेर खुर्ची मिळाली होती आणि दर्यापूरच्या म्हाताऱ्या मंडळींशी ते पाऊसपाण्याचं बोलत होते. बैठकीतच, काचेच्या कपाटासमोर, लांब टेबलं जोडून रुखवत मांडलं होतं. पाटी पेंटरकडून करून आणली होती, नाव पुष्पाचं. मी पंगतीत मठ्ठा वाढत होतो. बादली रिकामी झाली की बैठकीतूनच आत जावं लागे. तसा मी बादली घेऊन आलो तेव्हा वरमाय रुखवत पाहत होत्या. थोराड बाई, आवाज मोकळा. त्यांनी प्रत्येक नग हातात घेऊन पाहिला, तोरणापाशी थांबल्या, शेजारी हिरव्या शालूत उभ्या असलेल्या पुष्पाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की दिवाळीला आमच्या दाराला असंच एक कर. म्हणजे ताईला जे मागितलं गेलं होतं अगदी तेच. ताई टेबलाच्या पलीकडे उभी होती. मी दारातच थांबलो.

पुष्पा म्हणाली, "मले नाही येत. हे म्या नाही केलं. वहिनीच्या भावानं केलं."

आवाज मोठा नव्हता, पण बैठकीत बायका होत्या आणि त्या सगळ्यांनी तो ऐकला. दर्यापूरकडची कुणीतरी हसली आणि पोट्ट्यानं केलं का म्हणून विचारलं. अकोल्याची एक शेजारीण, जिला काचेचं कपाट माईंनी अनेकदा उघडून दाखवलं होतं, ती ताईकडे वळली आणि म्हणाली, मग तुझं कुणी केलं होतं? ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "तेही त्यानंच," ती म्हणाली. तिनं आयुष्यात पुष्कळ धीराच्या गोष्टी केल्या, पण हे दोन शब्द मी त्यात सगळ्यात वर ठेवतो. मग सगळे माईंकडे पाहू लागले. माईंनी शेजारणीला सांगितलं की माझ्या घरातलं मला माहीत नसेल तर कुणाला असेल, आणि वरमायेसाठी चहा आणायला सांगितलं.

ताईचं पुढे काय झालं असं लोक विचारतात. काही झालं नाही. चार दिवस शेजारणी बोलल्या. मग पुढचं लग्न आलं. माईंनी ताईकडे घराचा हिशेब दिला, जो तिच्याकडे आधीच असायला हवा होता. पुष्पा दर्यापूरला सुखात राहिली आणि तिला कुणी कधी सुई हातात घ्यायला सांगितलं नाही. पण त्या घटकेला हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या घटकेला मी मठ्ठ्याची बादली घेऊन बैठकीत उभा होतो, आणि खुर्चीवरून उठून बाबा दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दर्यापूरच्या म्हाताऱ्यांनीही ऐकलं होतं.

वरमायेनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हा का?" त्या म्हणाल्या. "मंग बांधूनही यानंच द्यावं. आमच्या बाया कोंबतात सामान. मोडन."

मी बादली खाली ठेवली, हात खांद्यावरच्या फडक्याला पुसले आणि टेबलापाशी गेलो. बायका बाजूला सरल्या पण गेल्या नाहीत. सगळ्यांसमोर मी पोपटाची जोडी उचलली. मागे वळून बाबा आहेत की निघून गेले हे पाहायची माझी हिंमत नव्हती. मग शेजारी कागदाचा आवाज झाला. बाबांनी आतून रद्दीचा गठ्ठा मागून आणला होता. ते टेबलापाशी सतरंजीवर मांडी घालून बसले, नवं धोतर चुरगळलं तरी बसले, आणि एकेक कागद उलगडून माझ्या हातात देऊ लागले. मी गुंडाळायचो, ते सुतळी बांधायचे. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. पुड्यात काय आहे ते तिकडच्या माणसाला कळायला हवं, नाहीतर ते उघडून बघत बसतील, असं ते माझ्याशी नव्हे, हातातल्या पुड्याशी बोलल्यासारखं म्हणाले. प्रत्येक वस्तू घेऊन ते विचारत, "याले काय म्हनतात?" मी सांगे. ते लिहीत. तोरण. पोपट, जोडी. कापसाची बंडी. सुपारीचे नवरा-नवरी. इतकी वर्षं ज्यांना त्यांनी एकाच शब्दात गुंडाळलं होतं, त्यांची नावं ते आता एकेक करून विचारत होते.

टेबलाच्या टोकाला एक लहानसा नग उरला. शेवटच्या दुपारी उरलेल्या मण्यांचं, टरफलांचं आणि थोड्या कापसाचं मी काहीतरी केलं होतं. तो पक्षी नव्हता, फूलही नव्हतं. पुष्पाला आवडला म्हणून तिनंच तो तिथं मांडला होता. बाबांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला, चष्मा वर करून परत पाहिला.

"याले?"

"याले नाव नाही," मी म्हणालो.

त्यांनी तो स्वतःच कागदात गुंडाळला, सुतळी बांधली आणि पुडा मांडीवर घेतला. मग त्यांच्या त्या वळणदार कचेरीतल्या अक्षरात लिहिलं: माझ्या मुलाने केले आहे. जपून न्यावे.

बाहेर दर्यापूरच्या जीपमध्ये सामान भरणं सुरू झालं होतं. मी पुडा घ्यायला हात पुढे केला. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "राहू दे. हा मी नेतो."